चेअरमनच्या छातीतलं पाणी

"पाणी आण बे. या दवाखान्याचा चेअरमन कोण हाय? तू का मी? पाणी आण म्हणतो ना."

आवाज असा होता की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या छातीला चिकटवलेल्या वायरी आपोआप सुटून पडल्या. निदान मी तरी आजवर तसंच सांगत आलोय, आणि तो म्हातारा आता हयात नसल्यामुळे मला खोटं पाडणारं कुणी उरलेलं नाही.

ओरडत होते ते आमच्या दवाखान्याचे चेअरमनसाहेब. ज्याच्यावर ओरडत होते तो मी, हृदयविकाराच्या वॉर्डातला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. हे पद आमच्याकडं लोकांच्या पचनी पडायला फार वेळ लागला. कुणी मला कंपाउंडर म्हणायचं, कुणी डॉक्टर. एक आजी तर मला सिस्टरचा सख्खा भाऊच समजायची. तुझी बहीण आज ड्युटीला न्हाई का, म्हणून विचारायची.

साहेबांना झटका येऊन गेला होता. जीव वाचला, पण हृदयाचा पंप अधू झाला. पंप अधू झाला की अंगात पाणी साठायला लागतं. आधी पायांवर सूज, मग पोटात, मग फुफ्फुसात. फुफ्फुसात साठलं की धडधाकट दिसणारा माणूस कोरड्या गादीवर बसल्या बसल्या बुडून मरतो. म्हणून डॉक्टरबाईंनी बांधून दिलं होतं की दिवसभरात एवढंच पाणी, तेही चहा, दूध, वरण सगळं धरून. मीठ जवळपास बंद. रोज सकाळी वजन. पाठीला उशा लावून अर्धं बसवून ठेवायचं. एवढं सांगून जाता जाता त्या मला म्हणाल्या, "औषध माझं, पण जीव तुमच्या मापात आहे. जास्त गेलं तर हा माणूस हातचा जाईल."

आणि हे सगळं कुठल्या वर्षी? तर दुष्काळाच्या. आमच्या भागात दुष्काळ म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावईच. पण त्या सालचा न्याराच होता. लोक मयतीला रडायला जाताना सोबत पाण्याची बाटली नेत, नाहीतर डोळ्यांतून काही यायचंच नाही. आमच्या तलावातले खेकडे ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रकात बसून कारखान्यावर गेले, असं माझा चुलता शपथेवर सांगायचा. परळीच्या वीजकेंद्राची राख आमच्या अंगणापर्यंत उडत यायची आणि म्हाताऱ्या माणसांना वाटायचं आभाळ आलं.

पिकत नव्हतं काहीच. पिकत होता तो एकटा सहकार. दूध सहकारी, साखर सहकारी, पतपेढी सहकारी. सूतगिरणी तर कापसाचा पत्ता नसताना सहकारी. शेवटी राहता राहिलं आजारपण, तेही सहकारी झालं. गावोगाव शेअर फिरवून हा दवाखाना उभा राहिला आणि ज्यानं शेअर घेतला तो प्रत्येक माणूस दवाखान्याचा मालक झाला. भेटायची वेळ संपली म्हणून कुणाला उठवायला जावं तर तो पाय अजून पसरून म्हणायचा, "मी सभासद हाय." एकजण तर रिकाम्या खाटेवर दुपारी येऊन झोपायचा. आजार काहीच नव्हता. "माझ्या शेअरात आलेली खाट हाय, बघून घेतो कशी हाय ते," म्हणायचा आणि घोरायचा.

अशा दवाखान्याचे हे चेअरमन. शिवाय माझ्याच गावचे. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव, आणि गावात येणारा टँकर कुठं थांबायचा, किती वेळ थांबायचा, हे ठरवणारेही तेच. टँकर आधी त्यांच्या दारात थांबायचा, मग सोसायटीसमोर, मग देवळापाशी, मग ज्यांनी मागच्या निवडणुकीत मत दिलं त्यांच्या गल्लीत, आणि सगळ्यात शेवटी आमच्या बौद्धवस्तीत. वस्तीत पोचेपर्यंत टँकरमध्ये पाणी कमी आणि बातम्या जास्त असायच्या. वर कुणाकुणाचे हौद भरले, ते ड्रायव्हर आम्हाला तपशीलवार सांगायचा आणि नळी झटकून निघून जायचा.

आता बघा. ज्यांच्या आजोबांच्या काळात माझ्या आजीला वरून ओंजळीत पाणी मिळायचं, ते साहेब माझ्याकडं पाणी मागत होते आणि मी म्हणत होतो, नाही. मला बरं वाटलं का? छे छे. मी शपथ घेतलेला माणूस. औषधाचं ते छोटं प्लास्टिकचं माप मी जरा सावकाश भरायचो, एवढंच.

"हे काय हाय?"

"पाणी, साहेब."

"याला पाणी म्हणतेत? एवढ्यानं चिमणीचा घसा भिजत न्हाई."

"चिमणीचं हृदय चांगलं असतं, साहेब."

"तुला निलंबित करतो."

"करा की. पण सहीला हात हलवावा लागंल, अन् त्याला डॉक्टरबाईंची परवानगी न्हाई."

बाजूच्या स्टुलावर बसलेल्या काकू, म्हणजे साहेबांच्या मंडळी, पदर तोंडाला लावून हसायच्या. संसार सुरू झाल्यापासून यांना कुणी नाही म्हणालेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

अर्थात तहान खोटी नसते. पंप अधू झालेल्या माणसाला तहान जास्तच लागते, हे मला माहीत होतं, आणि थट्टा करतानाही मी त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसायचो. लिंबाची फोड चोखायला द्यायचो. चूळ भरून थुंकायला सांगायचो. साहेब चुळीतलं अर्धं पाणी गिळायचे, अर्धं थुंकायचे आणि चेहरा असा करायचे, जणू वार्षिक सभेत सगळे विषय चर्चेविना मंजूर झालेत.

माझी खरी लढाई साहेबांशी नव्हतीच. ती होती भेटायला येणाऱ्यांशी.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला कुणी मोकळ्या हातानं जात नाही. चांगल्या सालात नारळ, बिस्किटांचा पुडा, केळी. पण त्या साली लोकांच्या लेखी पाण्याहून मोठी भेट उरली नव्हती. बिस्किटं काय, कुणीही देईल. घरच्या घागरीतलं पाणी देतो तो खरा आपला माणूस. त्यामुळं आमच्या वॉर्डाच्या दारात जो तो बाटली घेऊन उभा. मी बाटल्या अडवायला लागलो तसे लोक हुशार झाले. डब्यात वर भाकरी, खाली कलिंगड. शालीत गुंडाळलेलं शहाळं, तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरून आणलेलं. थर्मासमध्ये ताक. "हे पातळ न्हाई, हे औषध हाय," असं सांगणारा गृहस्थ दवाखान्याचा संचालक होता. मी सगळं जप्त करायचो. दुष्काळात बालाघाटाच्या अख्ख्या डोंगरपट्ट्यात कलिंगड कुणी पोटभर खाल्लं असेल तर आमच्या वॉर्डाच्या स्टाफनं.

एवढं करूनही साहेबांची सूज चढायलाच लागली. सकाळी वजनकाट्यावर उभं केलं की काटा आदल्या दिवसापेक्षा पुढं. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बुजायला इतका वेळ घ्यायचा, जणू त्या खड्ड्याचं टेंडर निघायचं बाकी होतं.

डॉक्टरबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "ब्रदर, पाणी कुठून जातंय?"

"माझ्या हातनं न्हाई, मॅडम."

"मग कुणाच्या?"

मी गादी उलटी केली. उशा झटकल्या. काकूंची पिशवी त्यांच्याच हातानं रिकामी करायला लावली, तर तिच्यात जपमाळ आणि सुपारी. वॉर्डाच्या नळाला तोंड लावून पाहिलं. त्यातून हवा आली, तीही गरम. साहेबांना विचारलं तर ते भिंतीकडं बघून म्हणाले, "माझ्यावर अविश्वास ठराव आणतो का बे?"

मग आला बाजारचा दिवस. त्या दिवशी गाव भाड्याचा टेम्पो करून साहेबांना भेटायला आलं. गाव म्हणजे अक्षरशः गाव. टेम्पोतून माणसं उतरता उतरेनात. उतरलेली मागच्या बाजूनं पुन्हा चढून पुन्हा उतरत होती की काय, अशी मला शंका आली. त्यांच्यात माझी मायही होती. वस्तीतल्या चार बायांबरोबर आलती. डोक्यावर पदर, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा तांब्या. मला वाटलं, वाटेत प्यायला आणला असेल.

"तू कावून आलीस?" मी विचारलं.

"गाव आलं, मी आले," माय म्हणाली.

मी सगळ्यांच्या मोठ्या बाटल्या दारात ठेवून घेतल्या आणि दोघादोघांना आत सोडायला सुरुवात केली. माणसं आत जायची, साहेबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. मला भरून आलं. माणूस कसाही असो, गावाची माया ती माया, असा विचारसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेला. एवढ्यात पलीकडच्या खोलीतल्या पेशंटला चक्कर आली म्हणून मला बोलावणं आलं. रांगेकडं बघायला काकूंना सांगून मी तिकडं गेलो.

परत आलो तेव्हा रांग मोडलेली होती आणि साहेबांच्या खाटेभोवती माणसांचं कडं होतं. कड्याच्या आतून आवाज येत होता, हुक्का गुडगुडल्यासारखा.

मी माणसं ढकलली. साहेब पुढं वाकून बसलेले, ओठ निळे, कपाळावर घाम, तोंडाशी गुलाबी फेस. फुफ्फुसं भरली होती. मी त्यांचे पाय खाटेवरून खाली सोडले, पाठ सरळ केली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि डॉक्टरबाईंच्या नावानं अशी हाक मारली की ती परळीला ऐकू गेली असेल. त्या धावत आल्या. लघवी व्हायचं इंजेक्शन शिरेतून दिलं, नळी घातली. तोवर साहेबांनी माझ्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठीत धरून ठेवली होती आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांना पाणी नको होतं. त्यांना फक्त श्वास पाहिजे होता, आणि तो मला देता येत नव्हता. मी त्यांना नुसता धरून बसलो आणि म्हणत राहिलो, "हळूहळू, साहेब. घाई करू नका. मी हाय." त्या वेळी त्यांचा जीव जाणार असंच मला वाटत होतं. या एका गोष्टीत मी काही वाढवून सांगत नाही.

इंजेक्शन लागू पडलं. नळीच्या पिशवीत धार सुरू झाली. त्या सालात बीड जिल्ह्यातला कुठलाही तलाव मी इतक्या झपाट्यानं भरताना पाहिलेला नाही. दारातून डोकावणारी गावातली दोन माणसं त्या पिशवीकडं हात जोडून बघत होती. हळूहळू गुडगुड कमी झाली, ओठांना रंग आला आणि साहेबांनी माझी कॉलर सोडली. कॉलर माझ्या शर्टापासून जवळजवळ वेगळी झाली होती.

मग मी बाहेर आलो. गाव व्हरांड्यात उभं होतं, मान खाली घालून.

"कुणी पाजलं?"

सगळे एकमेकांच्या चपलांकडं बघायला लागले.

"मी इथं माणसाचा जीव धरून बसतो, अन् तुमी त्याला बुडवता? कुणी पाजलं सांगा."

शेवटी सोसायटीचा सचिव पुढं आला. घसा खाकरला. खिशातून औषधाची चपटी बाटली काढली, धुऊन पाणी भरलेली. "आता पाजलं म्हणजे काय, झाकणभर. फक्त झाकणभर."

"मी पण झाकणच," दुसरा म्हणाला.

"माझं झाकण तर ह्याच्यापेक्षा लहान हाय. बघा."

बघता बघता व्हरांड्यातला प्रत्येक खिसा, प्रत्येक कनवट, प्रत्येक पिशवी उघडी झाली. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, अत्तराच्या कुप्या. एकानं तर डोळ्यात थेंब घालायच्या नळीतून आणलं होतं. कानाशी वाकून ही माणसं धीर देत नव्हती, तोंडाला झाकण लावत होती. आणि हे आजचंच नव्हतं. साहेब दवाखान्यात आल्यापासून भेटायला आलेला हरेक माणूस एकेक झाकण टाकून जात होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानंच दिलं. एवढ्याशानं काय होतं?

"अरे पण कावून?" मी विचारलं. "डॉक्टरबाईंनी भिंतीवर लिहून लावलंय. वाचता येतंय ना?"

सचिवानं आवाज खाली आणला. "हे बघ बाबा, तू नोकरीत हाय, तुला न्हाई कळायचं. साहेब एक दिवस उठून गावात येणार. मग आठवणार, तहान लागलती तवा कोण आलं अन् कुणी पाजलं. समद्यांनी पाजलं अन् आपणच मागं राहिलो, तर टँकर आपल्या दारात थांबंल का?"

"अन् साहेब उठलेच न्हाई तर?"

याचा विचार कुणी केला नव्हता. मग आधीच्या ताकवाल्या संचालकांनी तोंड उघडलं. ते म्हणाले, ही कुणा एकाची चूक न्हाई, ही सामुदायिक जबाबदारी हाय. तेव्हा झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव मी मांडतो. सचिवानं अनुमोदन दिलं. व्हरांड्यात, भर दवाखान्यात, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. एका माणसाला सगळ्यांनी मिळून बुडवलं आणि सगळ्यांनी मिळून खेदही वाटून घेतला. हिश्शाला आला तोही झाकणभरच.

मी ओळखलं, यांना हृदय, पंप, फुफ्फुसं समजावून काही उपयोग नाही. यांना यांच्याच भाषेत गाठावं लागेल. मी वॉर्डाच्या दारात एक मोठा ड्रम ठेवला आणि जाहीर केलं, "ज्याला साहेबांना पाणी द्यायचंय त्यानं यात ओतायचं. कुणी किती ओतलं ते मी स्वतः साहेबांच्या कानावर घालीन. आत एक थेंब न्यायचा न्हाई. जो नेईल त्याचं नाव पण साहेबांच्या कानावर जाईल, पण वेगळ्या कारणानं."

दुसऱ्या दिवसापासून झाकणं गेली आणि घागरी आल्या. जो माणूस थेंब आणायचा तो हंडा आणायला लागला, कारण आता मोजमाप उघड्यावर होतं. एकमेकांकडं बघून ओतायचे, आणि शेजाऱ्यानं ओतलं त्याहून थोडं जास्त. ड्रम भरून वाहिला. वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटांची माणसं दवाखान्याबाहेर पाणी शोधत फिरायची ती फिरायची थांबली. फरशी पुसायला पाणी मिळालं. शेजारच्या म्हाताऱ्याला आंघोळ घातली. अंगाला पाणी लागल्यावर तो घाबरून ओरडला, इतके दिवस झाले होते. साहेबांना मात्र माझ्या मापातलंच मिळत राहिलं. काटा मागं सरकायला लागला. नडगीवर खड्डा पडेनासा झाला. डॉक्टरबाई हसायला लागल्या.

साहेबांना घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना समजावून सांगत होतो: मीठ नाही, पाणी मापात, पायावर सूज आली तर त्याच दिवशी इकडं, वजन रोज. ते ऐकत होते. म्हणजे चेअरमन लोक ऐकतात तसे, खिडकीबाहेर बघत. मग एकदम म्हणाले, "एक सांगू का बे? समद्यांचं पाणी गरम होतं. कुणाचं खोकल्याच्या औषधाच्या वासाचं, कुणाचं अत्तराचं. पिऊन मळमळायचं. पण नको म्हणलं तर लोकांना वाईट वाटायचं. तुझ्या मायचं तेवढं गार होतं."

मी हातातली गोळ्यांची पाकिटं खाली ठेवली. "माझ्या मायचं?"

"तांब्या होता. ओल्या फडक्यातला. झाकणबिकण न्हाई. पोटभर पाजलं तिनं."

म्हणजे सगळ्या गावानं थेंबाथेंबानं जे केलं नसतं ते माझ्या घरच्या माणसानं एका तांब्यात उरकलं होतं. सचिवाला, संचालकाला, अख्ख्या गावाला मी झाडलं, आणि गुन्हेगार माझी भाकरी थापत होता.

साहेब घरी गेले. टँकरचा रस्ता काही बदलला नाही. तो आजही वरून खाली येतो आणि वस्तीत पोचेपर्यंत बातम्याच घेऊन येतो.

सुट्टीला गेलो तेव्हा माय दारात बसून राखेनं भांडी घासत होती. मी शर्ट काढायच्या आधी तिला धरलं. हृदय म्हणजे काय, पंप अधू झाल्यावर पाणी कुठं कुठं साठतं, माणूस कोरड्यात कसा बुडतो, साहेब त्या दिवशी जवळजवळ कसे गेलते, सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. ती घासत राहिली. मग मी म्हणालो, "बाकीचे टँकरसाठी पाजत होते. आपल्या दारात तो कधी थांबलाय का? त्यानं आयुष्यात तुला कधी घागरभर दिलंय का? अन् तू तुझं होतं ते समदं त्याच्या तोंडात ओतून आलीस. कावून, माय?"

मायनं घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"तहान लागलती त्याला," ती म्हणाली.